हरूनही जिंकता येणारी स्पर्धा
टेनिस समजून घेताना : भाग ६

डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांवर टेनिसचा चेंडू सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण तो क्रिकेटमुळे. सुट्ट्यांतल्या त्या क्रिकेट स्पर्धांमध्ये सामना हरला की संघाने बॅट आवरायची. मागच्या भागात पाहिलेलं विम्बल्डनही असंच, बाद पद्धतीचं. नोव्हेंबरातली एटीपी फायनल्स मात्र साखळीने सुरू होते. वर्षभराच्या गुणांवर साधारणपणे पहिले आठ जण येतात, चार-चारांचे दोन गट पडतात, गटात प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते आणि पहिले दोघे उपांत्य फेरीत जातात. म्हणजे इथे एखादा सामना हरलेलाही विजेता होऊ शकतो.

२०२३ साली ट्युरिनमध्ये नेमकं हेच घडलं. यानिक सिनरने गटात नोवाक जोकोविचला तीन सेटमध्ये हरवलं. पुढे हुबर्ट हुरकाचविरुद्ध जोकोविच जिंकला, पण एक सेट गमावून; त्या एका सेटने सिनरची उपांत्य फेरी पक्की झाली. उरला होता सिनर आणि गटातलाच होल्गर रून यांचा सामना. सिनर हरला असता तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं, उलट जोकोविच बाहेर गेला असता. दुसरा सेट हातचा गेला, तरी सिनर लढला आणि ६-२, ५-७, ६-४ असा जिंकला. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात समोर जोकोविचच होता, आणि त्याने सिनरला ६-३, ६-३ असं हरवून सातव्यांदा किताब घेतला. सिनरने पुढे २०२४ आणि २०२५ मध्ये हा किताब मिळवला, तरी मला सिनर सर्वांत मोठा वाटतो तो रूनला हरवणाऱ्या त्या रात्री.

एटीपी फायनल्स खेळलेला एक जण आपल्या महाराष्ट्रातही खेळून गेला आहे. २०१८ च्या लंडनमधल्या फायनल्समध्ये केविन अँडरसनने केई निशिकोरीला ६-०, ६-१ असं धुवून काढलं आणि उपांत्य फेरी गाठली. पुढच्याच जानेवारीत तो पुण्यातल्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपन खेळत होता. अंतिम सामन्यात समोर ३९ वर्षांचा इव्हो कार्लोविच. दोघेही साडेसहा फुटांहून उंच. सर्व्हिस इतक्या उंचीवरून येते की चेंडू टप्पा घेऊन थेट खांद्यापर्यंत उसळतो. कोणाचीच सर्व्हिस भेदली गेली नाही. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले आणि तिसरा टायब्रेक अँडरसनने ७-५ असा घेतला.

भारतीयांचं एटीपी फायनल्सशी नातं दुहेरीचं. २००० मध्ये दुहेरीची स्पर्धा बंगळुरूला झाली. घरच्या प्रेक्षकांसमोर लिएँडर पेस आणि महेश भूपती अंतिम फेरीत डोनाल्ड जॉन्सन-पीट नॉर्व्हल यांच्याकडून हरले. १९९७ आणि १९९९ मध्येही ते अंतिम फेरीत हरले होते. रोहन बोपण्णाही २०१२ मध्ये भूपतीबरोबर आणि २०१५ मध्ये फ्लोरिन मर्जियाबरोबर उपविजेताच राहिला. दुहेरीत दोघे कोर्टावर उभे कसे राहतात, नेटजवळचा खेळाडू इशारे कसे करतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.