अंगणवाडीतली पोषणाची राखण

■ सुरुवात : अंगणवाड्या आल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून, २ ऑक्टोबर १९७५.

■ दोन टोकं : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने बारीक. अतिवजनाची मुलं आधीच्या फेरीतल्या १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेली.

■ दंडघेर पट्टी : सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती सेविकाताई पट्टी गुंडाळतात. ११.५ सेंमीच्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५ च्या आत पिवळा, त्यापुढे हिरवा.

■ ग्राम बाल विकास केंद्र : तीव्र कुपोषित, पण भूक शाबूत आणि इतर आजार नसलेल्या मुलाला गावातच दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खाऊ घालतात. आजारी मुलाची रवानगी पोषण पुनर्वसन केंद्रात.

■ अमृत आहार : २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस गरम जेवण. पुढे लहान मुलांना अंडी, केळीही.

■ अतिवजनाकडेही लक्ष हवं : वजनाबरोबर उंची मोजली, तरच ते वेळीच कळतं. गुटगुटीत मूल सुदृढच असेल, असं नाही.

■ घरी काय करावं : सहा महिने फक्त आईचं दूध. त्यानंतर स्तनपानाच्या जोडीला मऊ वरणभात, नाचणी, अंडं, भाज्या. रडू थांबवायला बिस्किटाचा पुडा किंवा कुरकुऱ्यांचं पाकीट देऊ नये.