पर्जन्याची नोंद आणि सूक्ष्मनियंत्रकाचा अग्रक्रम

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर, नवजा व कोयनानगर येथे कोसळणारा पाऊस सांगलीच्या आयर्विन पुलाजवळील पातळी ठरवितो. या पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत पोहोचले होते. अशा प्रसंगी घाटमाथ्यावरील पावसाची अचूक नोंद वेळेवर मिळणे हा हजारो कुटुंबांच्या स्थलांतराशी निगडित प्रश्न असतो. यास्तव जलसंपदा विभागाने कृष्णा व भीमा खोऱ्यांत स्वयंचलित नोंद यंत्रणा उभारली आहे.

स्वयंचलित पर्जन्यमापकात तराजूसारखी दोन छोटी पात्रे असतात. ठराविक पाणी साचताच एक पात्र कलंडते आणि विद्युत-स्पंद निर्माण होतो. हा स्पंद मोजण्याचे काम मायक्रोकंट्रोलर अर्थात सूक्ष्मनियंत्रक करतो. तो सतत पात्राकडे पाहत बसत नाही. स्पंद येताच हातातील काम थांबवून तो नोंद करतो व पुन्हा मूळ कामाकडे वळतो. या सूचनेस इंटरप्ट किंवा व्यत्यय असे म्हणतात.

तथापि व्यत्यय एकाच प्रकारचा नसतो. घड्याळाचा ठोका पडतो, नदीचा पातळीमापक अक्षरामागून अक्षर माहिती धाडतो, पात्रही कलंडते. प्रथम कोणाकडे लक्ष द्यावे? पाऊस महत्त्वाचा म्हणून त्याला पहिला मान द्यावा, असे सहज वाटेल. परंतु अग्रक्रम महत्त्वावरून नव्हे, तर कोणते काम किती वेळ थांबू शकते यावरून ठरविणे इष्ट होय.

हिशेब पाहू. पात्राच्या प्रत्येक कलंडण्यास अर्धा मिलीमीटर पाऊस धरला, तर ताशी १२० मिलीमीटर इतक्या मुसळधार पावसातही दोन स्पंदांमध्ये १५ सेकंदांचे अंतर राहते. याउलट सेकंदास ९६०० बिट या वेगाने येणारे प्रत्येक अक्षर सुमारे एक मिलीसेकंदात पूर्ण होते. पुढील अक्षर पूर्ण होण्यापूर्वी आधीचे उचलले नाही, तर एक अक्षर कायमचे हरवते. पावसाच्या स्पंदाची खूण मात्र नियंत्रक आपल्यापाशी राखून ठेवू शकतो. म्हणून अक्षरांना वरचा अग्रक्रम देणे योग्य ठरते.

१९८० साली इंटेल कंपनीने आणलेल्या ८०५१ या सूक्ष्मनियंत्रकाचे उदाहरण घेऊ. त्यात व्यत्ययांचे पाच उगम व अग्रक्रमाच्या दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीचा व्यत्यय खालच्यास मध्येच थांबवू शकतो. समान पायरीवरील मात्र थांबवू शकत नाही. १२ मेगाहर्ट्‌झ गतीवर, तितक्याच वा वरच्या पायरीचे दुसरे काम चालू नसल्यास, प्रतिसादकाल ३ ते ९ मायक्रोसेकंदांच्या दरम्यान राहतो. पण समजा, सर्व व्यत्यय एकाच पायरीवर आहेत आणि पावसाच्या स्पंदानंतर स्विचची थरथर थांबेपर्यंत कार्यक्रम ५० मिलीसेकंद तेथेच खोळंबला. तेवढ्या अवधीत येणारी सुमारे ५० अक्षरे गहाळ होऊ शकतील. म्हणून व्यत्ययातील काम केवळ नोंदीपुरते ठेवावे व उर्वरित काम मुख्य कार्यक्रमावर सोपवावे, हा नियम आहे.

कोयनेचे पाणी सांगलीस पोहोचण्यास तास लागतात, मग मायक्रोसेकंदांची चिंता कशासाठी, असा प्रश्न विचारला जाईल. उत्तर सोपे आहे. उशिरा मिळालेली नोंद उपयोगी पडू शकते. न झालेली नोंद कोणत्याही गणिताने परत मिळत नाही.

अर्थात, पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर उत्तम अग्रक्रमही निरुपयोगी ठरेल. केंद्राची स्वच्छता व सुरक्षितता राखण्यात ग्रामपंचायतींनी लक्ष घातले आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या यंत्राचे कार्य समजावून दिले, तर पूरसूचनेचा पहिला दुवा निश्चितच बळकट होईल.