चिमूटभर धातू आणि आमची हजेरी

खंडाळा तालुका म्हटला की आम्हाला आधी नायगाव आठवते. 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीमाई तेथे जन्मल्या. आज याच तालुक्यात शिरवळ-केसुर्डीकडे कारखाने उभे आहेत आणि आमची पोरे ठेकेदाराच्या हजेरीवर तेथे राबतात. म्हणून चीनने एखादा धातू रोखला तर तो प्रश्न फक्त अर्थतज्ज्ञांचा, असे आम्ही मानत नाही.

धातूचे नाव डिस्प्रोसियम. ई-स्कूटरच्या मोटारीत निओडिमियमचे जोरकस चुंबक असते. मोटार तापली की चुंबकाचा जोर घटतो. तो घटू नये म्हणून हा धातू त्यात चिमूटभर घालतात. चिमूटच, पण ती जवळपास सगळी चीनच्या मुठीत! 4 एप्रिल 2025 रोजी चीनने डिस्प्रोसियमसह सात धातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोने सांगून टाकले की, ऑगस्टमध्ये ई-स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. पुढे माल आला आणि वेळ निभावली. अट मात्र राहिली.

आपल्याकडे काहीच नाही काय? केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट आहे. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी 1950 सालची. तरी पंचाहत्तर वर्षांनंतरही आपण असे चुंबक मुख्यतः बाहेरूनच आणत राहिलो. त्यातही आपल्या मोनाझाइटमध्ये निओडिमियम आहे, डिस्प्रोसियम नावापुरतेच. 26 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्राने 7,280 कोटींची चुंबक योजना मंजूर केली, वर्षाला 6,000 टनांची. उशिरा का होईना, चांगले झाले. विरोधासाठी विरोध आम्ही करणार नाही.

पण त्याआधीच, 8 सप्टेंबरला, पर्यावरण मंत्रालयाने दुसरे काम उरकून घेतले होते. अणुखनिजे व महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट! म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला, डोंगरातल्या आदिवासीला विचारायचेच नाही. खाण त्याच्या दारात खोदायची आणि त्याने तोंड उघडायची जागाच काढून घ्यायची. देश अडचणीत आहे, तुम्ही गप्प बसा, असा हा हुकूम आहे.

दुसऱ्या महायुद्धात देश काय कमी अडचणीत होता? कोळसा पुरत नव्हता. तेव्हा मजूरमंत्री असलेले बाबासाहेब डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला, 1946 मध्ये अभ्रक खाण कामगारांसाठी. बिनतारी यंत्रांना लागणारे अभ्रक हे त्या काळचे डिस्प्रोसियमच होते. टंचाई होती म्हणून मजुराच्या कल्याणाचे काम थांबले नाही.

आज कारखान्याची लाइन थांबली की कायम कामगाराला लेऑफची भरपाई कायद्याने मागता येते. ठेकेदाराच्या पोराला 'उद्यापासून येऊ नको' एवढाच निरोप. त्याची खाडाबंदी कोणत्याच अहवालात येत नाही. जनसुनावणीची सूट केंद्राने रद्द करावी, आणि चुंबक योजनेचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यावर कंत्राटी कामगाराला बंद काळातील मजुरी देण्याची व भरतीत अनुसूचित जाती-जमातींना वाटा देण्याची अट घालावी, ही आमची मागणी आहे.