पोटाच्या बळावर पहाड

इथिओपियाच्या उत्तरेला सिमिएनचे कडे आहेत. तिथल्या चार हजार मीटर उंचीच्या पठारांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण साठ टक्के भरतो आणि थंडीत रात्री पारा शून्याशी टेकतो. झाडं विरळ, फळं जवळपास नाहीतच. तरीही गेलाडा माकडांचे शेकड्यांचे कळप इथे नांदतात, तेही गवतावर. रात्र कड्याच्या कपारीत काढून सकाळी ती पठारावर येतात, बूड टेकून बसतात, दोन्ही हातांनी पाती खुडतात, मूठ भरली की तोंडात कोंबतात आणि न उठता बसल्या बसल्याच पुढे सरकतात. दिवसाचा बराचसा वेळ यातच जातो.

उंचीशी जुळवून घेणं म्हटलं की आपल्याला रक्त आणि फुप्फुसं आठवतात. 2022 मध्ये गेलाडाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा संशोधकांनी तेच तपासलं. छाती बबूनपेक्षा रुंद निघाली. पण हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ताकद काही वाढलेली नव्हती. मला या प्राण्याचं पोट जास्त महत्त्वाचं वाटतं. विरळ हवेत तग धरायचा, अंगात ऊब राखायची, तर त्यासाठी लागणारी ऊर्जा शेवटी गवतातूनच काढावी लागते.

आणि गवत पचवणं सोपं नाही. सेल्युलोज तोडणारी विकरं माकडाचं शरीर तयारच करत नाही. गाईला त्यासाठी कोठीपोट असतं. गेलाडाला ते नाही. त्याचा चारा घोड्यासारखा मागच्या आतड्यात आंबतो. तिथले जीवाणू तंतू फोडतात, त्यातून लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात, ती आतड्यातून रक्तात उतरतात आणि माकडाला बळ मिळतं.

हे जीवाणू वर्षभर सारखेच असतात का? अलिस बानिएल आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये याचं उत्तर दिलं. ओळखीच्या माकडांमागे फिरायचं, कोणाची विष्ठा आहे याची खात्री करून ती ताजी उचलायची आणि तिच्यातल्या जीवाणूंच्या डीएनएवरून त्यांची ओळख पटवायची, अशी ही चिकाटीची पद्धत. पावसाळ्यात कोवळं गवत उगवलं की तंतू आंबवणाऱ्या जीवाणूंची भरभराट होते. कोरड्या दिवसांत गवत वाळतं, माकडं बोटांनी माती उकरून मुळं-कंद खातात, आणि पोटात पिष्टमय अन्न फोडणाऱ्यांचा वरचष्मा होतो. जनुकं बदलायला पिढ्या लागतात. हा बदल एका ऋतूत होतो.

थंडीचाही इथे वाटा असावा. उंदरांवरच्या 2015 च्या प्रयोगात थंडीत ठेवलेल्या उंदरांचे जीवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तर त्यांचीही थंडी सोसण्याची क्षमता वाढली. तिबेटच्या याक आणि मेंढ्यांच्या कोठीपोटात सखल भागातल्या गुरांपेक्षा मिथेन कमी आणि मेदाम्लं जास्त तयार होतात, हे 2016 मध्ये दिसलं. मात्र रानात उंची, गारठा आणि चारा एकत्रच येतात. नुसतं वरच्या आणि खालच्या माकडांचं पोट शेजारी ठेवून ‘हा विरळ हवेचा परिणाम’ असं म्हणणं मला घाईचं वाटतं. गेलाडाच्या अभ्यासाचं मोल यातच आहे: माकडं तीच, डोंगर तोच, बदलला तो ऋतू.

दुसऱ्या टोकाला चीनमधल्या युनानची चपट्या नाकाची माकडं. चार हजार मीटरच्याही वर, बर्फात, ती फांद्यांवर लोंबणारी, आपल्या दगडफुलाच्या जातकुळीतली शैवाकं खातात. त्यांचं अन्न पुढच्या, कप्पेदार जठरातच आंबतं; आपल्याकडच्या वानरांचंही तसंच. या वानरांचे हिमालयातले भाऊबंद तर उंच जंगलात राहतात. सह्याद्रीपासून हिमालयापर्यंतच्या वानरांची एकाच पद्धतीनं, ऋतुवार तपासणी व्हायला हवी. इतकी चांगली संधी दुसरीकडे क्वचितच मिळेल.

सिमिएनमध्ये मात्र वेळ कमी आहे. गुरांच्या चराईमुळे आणि शेतीमुळे इथलं राष्ट्रीय उद्यान 1996 ते 2017 युनेस्कोच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत होतं. गुरं आणि गेलाडा एकाच गवतावर तोंड टाकतात. म्हणून पुढचे नमुने घेताना चरलेल्या आणि राखलेल्या कुरणांतली माकडं वेगळी तपासावीत, आणि हे काम कोरड्या ऋतूपासून सुरू व्हावं. तुडवून घट्ट झालेल्या मातीतून कंद उकरायची वेळ त्यांच्यावर तेव्हाच येते.