परासरणाचे रूपक आणि संस्कृतिसंक्रमण

‘सांस्कृतिक परासरण’ ही संज्ञा तौलनिक साहित्याभ्यासात सैलपणे वापरली जाते. ती मुलांना समजावून देऊ गेल्यास तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा दोन्ही उघड होतात.

म्हैसूरनजीकच्या वरुणा या गावातील एखाद्या वर्गाची कल्पना करावी. मनुका साध्या पाण्यात फुगते; तीच साखरेच्या दाट पाकात ठेवल्यास आकसते. निवडक्षम पटलातून पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते, साखर मात्र अडते. फ्रेंच शास्त्रज्ञ नोले याने १७४८ मध्ये प्राण्याच्या मूत्राशयाचे पटल वापरून ही क्रिया दाखविली.

याच मुलांच्या घरातील ‘तुप्प’ मराठीत ‘तूप’ होते. द्वित्त लोपून पूर्वस्वर दीर्घ होणे ही मराठीची परिचित ध्वनिप्रक्रिया होय. भाषेची ध्वनिव्यवस्था जणू पटलाचे कार्य करते. परंतु ‘तुप्प’ महाराष्ट्री प्राकृतातही आढळत असल्याने संक्रमणाची दिशा सरळ सांगता येत नाही. ‘अडकित्ता’ या शब्दाच्या मुळाशी कन्नड ‘अडके’, म्हणजे सुपारी, आहे. उलटपक्षी, उत्तर कर्नाटकातील ‘खानावळि’ मराठीतून गेलेली आहे.

येथेच रूपक अपुरे पडते. पाणी गेले की मूळ द्रावणातील पाणी घटते. शब्द दिल्याने भाषा रिती होत नाही. पटल पाण्याचे रूप पालटत नाही. भाषा मात्र आलेल्या शब्दाला नवे रूप देते. शिवाय परासरणाला कर्ता नसतो. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्यामागे कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा आणि चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. पुढे मराठी संगीत नाटक मंडळ्यांचा प्रभाव उत्तर कर्नाटकाच्या व्यावसायिक रंगभूमीवर पडला. या दुहेरी व्यवहारामागे निवड, आश्रय आणि प्रेक्षकांची अभिरुची होती.

म्हणून रूपक शिकविताना त्याची सीमाही शिकवावी लागते. एरवी एक संस्कृती ‘संहत’ व दुसरी ‘विरल’, अशी उच्चनीचता विज्ञानाच्या नावाने मुलांच्या मनात रुजते. मराठी-कन्नड सीमाभागात तर ती निरुपद्रवी ठरत नाही. द्युरिशिन यांनी एकेरी ‘प्रभावा’ऐवजी ग्रहण करणाऱ्या साहित्याच्या सर्जकतेवर भर दिला. मनुकेच्या प्रयोगानंतर विचारावयाचा प्रश्नही तोच आहे : काय आले, याबरोबरच घेणाऱ्याने त्याचे काय केले?