कोश उघडण्याची घाई

माझी मुलगी पाचवीत असताना तिला अळ्या पाळण्याचा छंद लागला. अंगणातल्या कढीपत्त्यावर तिला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी सापडली. काचेची बरणी, तोंडाला फडके, आत एक काडी, रोज ताजा पाला आणि नोंदींची वही, एवढेच तिचे साहित्य.

लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या या फुलपाखराची अळी चार वेळा कात टाकते. शेवटच्या कातेनंतर ती हिरवी होते. डिवचले तर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडते. पुढे खाणे थांबवून ती रेशमी धाग्याने स्वतःला काडीशी बांधून घेते आणि तिचा कोश होतो.

कोशाच्या नवव्या दिवशी माझा धीर सुटला. "अडकलंय बिचारं," मी म्हणालो. "बाबा, थांबूया ना अजून," ती म्हणाली. मी ऐकले नाही. ब्लेडने कोशाला चीर दिली. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेलेच राहिले. दुसऱ्या दिवशी ते मेले. वहीत तिने लिहिले, "बाबांनी मदत केली. पंख उघडले नाहीत."

असे का झाले? कोश बाहेरून निश्चल दिसला, तरी आत अळीचे बरेचसे अवयव मोडून नवे घडत असतात. पंख, लांब पाय, सोंड तयार व्हायला ठरावीक काळ लागतो आणि थंडीत तो वाढतो. बाहेर येण्याच्या धडपडीमुळे पंखांत बळ येते, असे सांगतात. पण पंख फुलतात ते बाहेर आल्यावर. फुलपाखरू लोंबकळत राहते, शरीरातील द्रव पंखांच्या शिरांत ढकलते आणि मग पंख वाळून कडक होतात. म्हणजे उणीव कष्टांची नव्हती, वेळेची होती.

हिवाळ्यात तिने दुसरी अळी आणली. कोश झाला. दहा दिवस गेले, बारा गेले. मी रोज विचारत होतो. मग विचारणे सोडले. एका संध्याकाळी कोशाचे आवरण पारदर्शक झाले आणि आतले काळे-पिवळे पंख दिसू लागले. सकाळी फुलपाखरू आपणहून बाहेर आले. पंख पुरते उघडायला थोडाच वेळ लागला. उडायला मात्र त्याने आणखी काही तास घेतले. आम्ही दोघे बसून राहिलो.

तेव्हापासून भागाकारात ती अडली की तिच्या हातातली पेन्सिल मी काढून घेत नाही. निदान प्रयत्न तरी करतो.

वर्गातही हा प्रयोग करता येईल. अळी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाचा पाला द्या, बरणी रोज स्वच्छ करा, तारखा लिहा. एखाद्या कोशातून फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाशी निघेल. तीही नोंद मोलाची. एक नियम मात्र मुलांइतकाच मोठ्यांनीही पाळावा: कोशाला हात लावायचा नाही.