छापील सुती ड्रेस: कापण्याआधी भिजवा, विकण्याआधी मजुरी धरा



बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. डिझायनरच्या छापील सुती ड्रेसला एवढा भाव, मग आपण शिवलेल्याला का नाही? मुंबईच्या डिझायनर अनिता डोंगरे यांच्या फाउंडेशनचं शिवणकाम पालघर जिल्ह्यातल्या चारोटीत चालतं. तिथं शिवणाऱ्या गावातल्याच बायका आहेत. म्हणजे हात आपल्यासारखेच. भाव मिळतो तो तयारीला आणि सफाईला.

विणताना सूत ताणलेलं असतं. पाण्यात पडलं की कापड आखडतं. शंभर इंचाला पाच इंच आखडलं, तर ४४ इंचांचा ड्रेस पहिल्याच धुण्यात दोन इंचांनी वर जातो. मग ते गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मगच बेतायला घ्या. ओलं पांढरं फडकं छापावर घासून बघा. रंग लागला तर ते कापड विक्रीच्या ड्रेसला वापरू नका.

आता हिशेब. कापड, अस्तर, दोरा, बटणं, वीज, गाडीभाडं हे सगळ्या जणी लिहितात. स्वतःची मजुरी मात्र राहून जाते. "घरीच तर शिवलं," असं म्हणतो आपण. कापूस वेचायला गेलं की किलोवर मजुरी मोजून घेतो ना? मग मशीनवर बसलेले तास फुकट कसे?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एका ड्रेसचा हिशेब वहीत लिहून आणा. मजुरीसकट!